वळताना गाडीतून येणाऱ्या ‘ठक्’ आवाजाचे मूळ कसे शोधावे

बहुमजली पार्किंगचा गोल रॅम्प चढताना, स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळलेले असताना, पुढच्या डाव्या चाकाकडून ‘ठक्’ असा एकच ठोका ऐकू येतो. गाडी सरळ झाली की आवाज थांबतो, आणि गॅरेजमध्ये नेल्यावर तर तो हमखास येत नाही. मेकॅनिक गाडी जॅकवर घेतो, चाक दोन्ही हातांनी हलवून पाहतो आणि अनुभवाच्या जोरावर एखाद्या पार्टचे नाव सांगतो. माझ्या अकरा वर्षांच्या हॅचबॅकच्या बाबतीत ते नाव ‘लोअर आर्म’ (चाकाला खालून धरणारा आडवा दांडा) असे निघाले. दोन्ही बाजूंचे लोअर आर्म बदलले, व्हील अलाइनमेंट झाले, बिल भरले, आणि गॅरेजच्या गल्लीतून मुख्य रस्त्याला लागताना पहिल्याच वळणावर तोच ठोका पुन्हा ऐकू आला. खरा दोष डाव्या स्ट्रटच्या (चाकावरच्या उभ्या खांबाच्या) वरच्या माउंटिंगमधील बेअरिंगचा होता. मेकॅनिकला तरी बोल कसा लावावा? मी त्याला ‘वळताना आवाज येतो’ एवढेच सांगितले होते, आणि एवढ्याशा वाक्यात किमान दहा पार्ट सहज बसतात.

म्हणून आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो नेमका केव्हा येतो हे निश्चित करावे. धातूतून आवाज दूरवर जातो. डाव्या चाकापाशी निर्माण झालेला ठोका सबफ्रेममधून (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या खालच्या सांगाड्यातून) फिरून चालकाच्या पायाखाली आल्यासारखा वाटू शकतो, त्यामुळे दिशेच्या बाबतीत कान अनेकदा फसतात. वेळेच्या बाबतीत ते सहसा चुकत नाहीत.

वळताना काय काय हलते

आपल्याकडील बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांच्या ओढीने चालणाऱ्या असून त्यांचे पुढचे सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे असते. या पद्धतीत शॉक ॲब्सॉर्बर आणि कॉइल स्प्रिंग मिळून एक उभा खांब तयार होतो. त्याचे वरचे टोक बॉनेटखाली रबरी माउंटिंग आणि बेअरिंग यांच्यामार्फत बॉडीला जोडलेले असते, तर खालचे टोक चाक ज्यावर बसते त्या नकलला बोल्टने आवळलेले असते. नकलचा तळ बॉल जॉइंटने लोअर आर्मला आणि लोअर आर्म दोन रबरी बुशांनी (मध्ये धातूची नळी असलेल्या रबरी गाद्यांनी) सबफ्रेमला जोडलेला असतो.

स्टिअरिंग फिरवले की टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) नकलला ढकलतो आणि नकलबरोबर स्प्रिंगसकट संपूर्ण स्ट्रट स्वतःभोवती फिरतो. ही पहिली हालचाल होय आणि ती उभ्या गाडीतही घडते. दुसरी हालचाल एक्सलची असते. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या एक्सलला बाहेरच्या टोकाशी सीव्ही जॉइंट असतो, आणि चाक वळलेले असताना ॲक्सिलरेटर दिला की त्या जॉइंटला मोठ्या कोनात वाकून ताकद पुढे पोचवावी लागते. तिसरी हालचाल भाराची आहे: गाडी प्रत्यक्ष वळू लागली की बॉडी बाहेरच्या अंगाला झुकते, बाहेरच्या चाकावरचा भार वाढतो, आतल्या चाकावरचा कमी होतो आणि दोन्ही बाजूंना लिंक रॉडने अडकवलेला, हा झुकाव आवरणारा स्टॅबिलायझर बार पिळला जातो. या तीन हालचाली एकमेकींपासून वेगळ्या काढून एकेक तपासता आल्या, तर निम्म्याहून अधिक निदान गाडीखाली न शिरताच होते.

मुंबईच्या रस्त्यांवर ज्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीने अनेक दशके काढली आणि जिची कारकीर्द ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, ती मागच्या चाकांच्या जोरावर चालत असे, त्यामुळे तिच्या पुढच्या चाकांना ताकद नेणारा एक्सल आणि त्याचा सीव्ही जॉइंट हा प्रकारच नव्हता. त्या गाड्यांवर हात बसलेले काही जुने मेस्त्री वळणावरचा प्रत्येक आवाज आधी खालच्या सांध्यांतच शोधतात, याचे कारण कदाचित तेच असावे.

सर्वांत आधी गाडी रिकामी करावी

हा सल्ला पोरकट वाटला तरी तो गाळू नये. डिकीतील जॅक, पाना आणि टॉमी (लोखंडी दांडा) यांची पिशवी, स्टेपनी जागेवर धरून ठेवणारा मधला स्क्रू, सीटखाली घरंगळलेली पाण्याची बाटली, मुलांची क्रिकेटची बॅट या सर्वांचा आवाज वळणावर सस्पेन्शनसारखाच भासतो. सर्व सामान बाहेर काढून, स्टेपनी घट्ट बसवून, मगच चाचणीला निघावे.

मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या भरपूर आहेत आणि त्यांच्या डिकीत सिलिंडरचे बरेच वजन पट्ट्यांच्या व ब्रॅकेटच्या आधारावर उभे असते. ब्रॅकेटचा बोल्ट ढिला झाला असेल, तर प्रत्येक वळणावर मागून जड ‘धप्’ असा आवाज येतो. सिलिंडरला हात लावून तो हलतो का एवढेच स्वतः पाहावे. आवळण्याचे काम अधिकृत सीएनजी केंद्रावरच करून घ्यावे. सिलिंडरची हायड्रो चाचणी (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करावीच लागते, तेव्हा ती तारीखही त्याच वेळी पाहून घेणे सोयीचे ठरते.

दुसरी नजर चाकावरच्या खोबणीतील प्लॅस्टिकच्या आवरणावर टाकावी. हिंदमाता किंवा अंधेरी सबवे येथे साचलेल्या पाण्यातून एकदा जरी गाडी काढली असेल, तरी पाण्याच्या दाबाने त्या आवरणाच्या आणि इंजिनाखालच्या कव्हरच्या क्लिपा तुटलेल्या असू शकतात, आणि पूर्ण वळलेले चाक लोंबणाऱ्या प्लॅस्टिकला घासून ‘खरखर’ किंवा ‘फट्’ असा आवाज करते. चाकाचे नटही याच वेळी तपासावेत. पंक्चर काढून घेतल्यानंतर किंवा टायर बदलल्यानंतर लगेच आवाज सुरू झाला असेल, तर दुसरे काहीही करण्याआधी नट आवळावेत. लहान गाड्यांसाठी हा टॉर्क साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

रस्त्यावरची चाचणी

यासाठी मोकळी आणि शक्यतो सपाट जागा हवी. रविवारी सकाळी सातच्या सुमारास बॅलार्ड इस्टेटमधील रस्ते किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातील आतले रस्ते बऱ्यापैकी मोकळे असतात. सोबत एक माणूस घ्यावा. त्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवून ‘आता डावीकडे’, ‘आता ब्रेक’ असे बोलत राहावे, म्हणजे घरी येऊन शांतपणे ऐकताना ठोका आणि त्या वेळची हालचाल यांची जोडी लागते. संगीत आणि एसीचा ब्लोअर बंद करावा आणि काचा उतरवाव्यात. एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीलगत, भिंत डावीकडे ठेवून, हळू गाडी चालवल्यास डाव्या चाकाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि चालकाच्या जागेवरूनही स्पष्ट ऐकू येतो.

प्रथम गाडी उभी ठेवून, इंजिन चालू असताना, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. नंतर स्टिअरिंग पूर्ण वळवून ताशी दहा किलोमीटरच्या आसपास गोल चक्कर मारावी. आधी ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवून, मग त्याच चकरेत थोडा दाबून. हे डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंना करावे आणि रिव्हर्समध्येही एकदा करावे. त्यानंतर ताशी वीसच्या वेगाने, ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून, गाडी नागमोडी चालवावी, म्हणजे ताकदीचा प्रभाव न बदलता भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जात राहतो. मग एखाद्या स्पीडब्रेकरवरून गाडी तिरकी न्यावी, जेणेकरून एका वेळी एकच चाक वर चढेल. शेवटी ज्या वळणावर आवाज येतो, त्याच वळणावर डाव्या पायाची घाई न करता उजव्याच पायाने ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक अगदी हलका टेकवून पाहावा.

प्रत्येक चाचणीनंतर कागदावर एक ओळ लिहावी. ‘उभ्या गाडीत येतो, एकदाच, डाव्या टोकाकडे जाताना, स्टिअरिंगला झटका जाणवतो’ अशी एक ओळ मेकॅनिकच्या हातात दिली, तर त्याचा अर्धा दिवस आणि मालकाचे बरेच पैसे वाचतात.

उभ्या गाडीत आवाज येत असल्यास

उभ्या गाडीत केवळ स्टिअरिंग फिरवल्याने ठोका येत असेल, तर एक्सल आणि स्टॅबिलायझर बार यांच्यावरचा संशय बराचसा दूर होतो. उरतात ते स्ट्रटचे वरचे बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉडचे सांधे आणि स्टिअरिंगचा मधला शाफ्ट.

स्ट्रटच्या बेअरिंगची परीक्षा मला सर्वांत समाधान देणारी वाटते, कारण त्यात दोष डोळ्यांना दिसतो. बॉनेट उघडावे आणि स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगवर हाताचा तळवा ठेवावा. सोबत्याला स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगावे. ज्या गाड्यांत स्ट्रटचे वरचे टोक विंडशील्डखालच्या प्लॅस्टिक पट्टीखाली झाकलेले असते, त्यांत ती पट्टी काढावी लागते. नंतर चाकाच्या खोबणीतून स्प्रिंगच्या वरच्या वेटोळ्यावर आणि तिच्या वरच्या बैठकीवर खडूने एक सलग उभी रेघ ओढावी. बेअरिंग चांगले असेल तर स्प्रिंग आणि बैठक एकत्र, गुळगुळीतपणे फिरतात. बेअरिंग जाम झाले असेल तर चाक वळत असताना स्प्रिंगचा वरचा भाग जागेवर अडकून राहतो, स्प्रिंग पिळली जाते, आणि ताण अनावर झाला की ती एकदम सुटून ‘टंग’ किंवा ‘ठक्’ असा आवाज करते. माझ्या गाडीत रेघेचे दोन तुकडे झाले आणि पुढच्या क्षणी, तळव्याला स्पष्ट झटका देत, वरचा तुकडा जवळजवळ एक सेंटिमीटर सरकून पुन्हा खालच्या तुकड्याशी जुळला. त्यानंतर कोणालाही काही विचारण्याची गरज उरली नाही. एक काळजी मात्र घ्यावी: हात स्प्रिंगच्या वेटोळ्यांच्या मध्ये कधीही घालू नये. तसेच स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट उत्सुकतेपोटीही सोडू नये, कारण तो दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवतो आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता तो काढणे जिवावर बेतू शकते.

माउंटिंगवर झटका लागत नसेल आणि ठोका स्टिअरिंगच्या चाकातूनच हातांना जाणवत असेल, तर चालकाच्या पेडलांजवळून खाली जाणारा मधला शाफ्ट पाहावा. त्याच्या टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. इंजिन बंद असताना स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे दोन-दोन सेंटिमीटर झटपट हलवावे आणि सोबत्याने टॉर्चच्या उजेडात त्या जॉइंटचे दोन्ही भाग एकत्र हलतात का हे पाहावे. एक भाग आधी आणि दुसरा क्षणभर उशिरा हलला, तर दोष तिथेच आहे.

गोल चकरेत टकटक येत असल्यास

पूर्ण वळणावर ‘टक-टक-टक’ अशी लागोपाठची मालिका येत असेल, वेगाबरोबर तिची लय जलद होत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज मोठा होत असेल, तर तो बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा समजावा. डावीकडे वळताना आवाज आल्यास बहुधा उजव्या एक्सलकडे आणि उजवीकडे वळताना आल्यास डाव्या एक्सलकडे पाहावे. खात्रीसाठी चाक पूर्ण वळवून, खोबणीतून टॉर्च मारून, जॉइंटवरचा रबरी बूट तपासावा. बूट फाटला असेल तर आतले काळे ग्रीस रिमच्या आतल्या बाजूवर आणि आजूबाजूच्या भागांवर शिंपडल्यासारखे उडालेले दिसते.

बूट फाटला आहे पण आवाज अजून सुरू झालेला नाही, ही स्थिती फार मोलाची असते. त्या वेळी जॉइंट साफ करून, नवे ग्रीस भरून, नवा बूट बसवला तर जॉइंट वाचू शकतो. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी आणि गाळ आत शिरला की काही आठवड्यांत तो वाचवण्याच्या पलीकडे जातो. मे महिन्याच्या अखेरीस दोन्ही बूट एकदा वाकून पाहण्याची सवय मुंबईकराने लावून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक्सलच्या आतल्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटचा स्वभाव निराळा असतो. तो वळणापेक्षा ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना एकेक ठोका देतो किंवा वेग घेताना गाडी थरथरवतो. तसाच एकेरी ठोका इंजिन माउंटिंग फाटल्यानेही येतो. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून ‘डी’वरून ‘आर’वर नेताना ठोका आला, तर आधी माउंटिंग पाहावे.

नागमोडी चालवताना किंवा खड्ड्यात येत असल्यास

हा आपल्या शहरातील सर्वांत सामान्य प्रकार आहे, आणि यात संशयितांची गर्दीही सर्वाधिक असते. क्रमाने जावे.

पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. हा बोटाएवढ्या जाडीचा छोटा दांडा दोन्ही टोकांच्या लहान बॉल जॉइंटवर चालतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर फार लवकर झिजतो. हळू वेगात, खडबडीत रस्त्यावर ‘खट-खट’ असा हलका, रिकामा आवाज येणे आणि वळणाच्या आरंभी एकदा ‘ठक्’ होणे ही त्याची खूण आहे. लिंक रॉड तपासताना एकच चाक वर उचलले तर स्टॅबिलायझर बार पिळला जातो, तो रॉडला ताणून धरतो आणि ढिलेपणा झाकला जातो. त्यामुळे दोन्ही चाके जमिनीवर किंवा दोन्ही सारखीच वर असताना दांडा मुठीत धरून जोरात हलवावा. तरीही शंका राहिली तर गॅरेजमध्ये दोन्ही लिंक रॉड तात्पुरते सोडवून, बारला घासणार नाहीत असे बांधून, आवारातच हळू फेरी मारायला सांगावे. आवाज नाहीसा झाला तर निदान पक्के झाले. अशा स्थितीत गाडी वळणावर जास्त झुकते, म्हणून ती मोठ्या रस्त्यावर नेऊ नये.

लोअर आर्मचे बुश पाहण्यासाठी टॉमीने आर्म हलकेच सबफ्रेमपासून दूर रेटावा. रबर आपल्या मधल्या धातूच्या नळीपासून सुटलेले असेल, तर आर्म अडखळत, ठोका देत सरकतो. रबरावर वरवर दिसणाऱ्या बारीक भेगांवरून मात्र बुश गेला असे ठरवू नये. सुकलेल्या रबराचा ‘कुरकुर’ आवाज वेगळा ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे: एकेका बुशवर साबणाचे पाणी मारून गाडी हलवून पाहावी, ज्या बुशवर पाणी पडताच आवाज बदलतो तोच बुश दोषी. पहिल्या पावसात आवाज आपोआप गेला म्हणून आनंदलेले अनेक जण ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा गॅरेजमध्ये दिसतात, त्याचे कारण हेच. पेट्रोलियमयुक्त स्प्रे रबराला फुगवतो, म्हणून तो वापरू नये.

बॉल जॉइंट आणि टाय रॉड यांसाठी चाक वर उचलावे लागते. सोसायटीच्या पार्किंगमधील पेव्हर ब्लॉक बहुधा गटाराच्या दिशेने उतरते असतात आणि जॅकखाली खचतात, त्यामुळे जॅकखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. गाडीला खालून आधार देणारे जॅक स्टँड नसतील तर हे काम गॅरेजवरच सोडावे. चाक अधांतरी झाल्यावर ते घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. इथे ढिलेपणा असेल तर टाय रॉडचे बाहेरचे टोक (टाय रॉड एंड) किंवा स्टिअरिंग रॅककडचा, म्हणजे आतल्या टोकाचा सांधा संशयास्पद ठरतो; कोणता ते सांध्यावर बोट ठेवून कळते. नंतर बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. इथल्या ढिलेपणाचे कारण बॉल जॉइंट असू शकते किंवा चाकाचे बेअरिंगही असू शकते. सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे: हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा, तशीच राहिली तर बॉल जॉइंटचा. त्यानंतर टॉमी लोअर आर्म आणि नकल यांच्यामध्ये घालून हलका दाब द्यावा. चांगल्या जॉइंटमध्ये उघड हालचाल दिसत नाही.

राहिलेले संशयित

वळणावर ब्रेक नुसता टेकवल्यावर आवाज बंद होत असेल, तर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना किंवा ब्रेक पॅडच्या पट्ट्या ढिल्या आहेत असे समजावे. सबफ्रेमचा बोल्ट ढिला असेल, तर दिशा बदलताना प्रत्येक वेळी एक जड ठोका येतो. त्या बोल्टच्या वॉशरभोवती, सगळीकडे चिखल आणि गंज असताना, चंद्रकोरीच्या आकाराची चकचकीत धातूची खूण दिसली, तर दोन पृष्ठभाग तिथे एकमेकांवर घासत आहेत हे नक्की.

वरळी, वर्सोवा, मढ अशा समुद्राजवळच्या भागांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची स्प्रिंग मात्र आवर्जून पाहावी. खाऱ्या हवेने आणि साचलेल्या चिखलाने सर्वांत खालचे वेटोळे गंजते आणि एखाद्या खड्ड्यात तुटते. तुटलेला तुकडा बैठकीतच अडकून राहिला तर गाडी चालत राहते आणि केवळ वळताना ठोका देते. सपाट जागी, हवेचा दाब सारखा करून, दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. दोन्हींत एक सेंटिमीटरहून अधिक फरक आला तर स्प्रिंग बारकाईने तपासून घ्यावी.

गाडी चालवावी की थांबवावी

लिंक रॉड, स्ट्रटचे बेअरिंग किंवा सुकलेला बुश यांच्यासाठी सोईची वेळ पाहून आठवड्याभरात काम करून घेतले तरी सहसा चालते. चाकाचे ढिले नट, उघड हलणारा बॉल जॉइंट, ढिला टाय रॉड आणि टायरजवळ तुटलेली स्प्रिंग या चार बाबतींत गाडी ईस्टर्न किंवा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर नेणे म्हणजे स्वतःबरोबर इतरांचाही जीव टांगणीला लावणे होय. नट जागीच आवळावेत आणि उरलेल्या तिन्हींत गाडी टो करून न्यावी.

दुरुस्ती करून घेताना

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट सहज मिळतात आणि दरवाजा किंवा आरसा अशा वस्तूंसाठी तिथे जायला काहीच हरकत नाही. परंतु बुश, माउंटिंग, बॉल जॉइंट, बेअरिंग यांसारखे रबराचे आणि झिजणारे भाग जुने घेऊ नयेत. अनेक मॉडेल्समध्ये बॉल जॉइंट लोअर आर्मसोबतच येतो, त्यामुळे चेसिस नंबर दाखवूनच पार्ट मागवावा. स्ट्रटचे माउंटिंग आणि बेअरिंग दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावे.

एका गोष्टीसाठी मेकॅनिकच्या शेजारी उभे राहावे, आणि त्याला राग आला तरी चालेल. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना पूर्ण आवळले, तर रबर त्या लोंबत्या स्थितीतच घट्ट धरले जाते. गाडी खाली उतरताच ते कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. गाडी जॅकवर असताना बोल्ट फक्त टेकवावेत, मग चाके जमिनीवर किंवा रॅम्पवर टेकवून, गाडीचे पूर्ण वजन आल्यानंतर, पुस्तिकेतील टॉर्कप्रमाणे आवळावेत. ‘नवीन बुश टाकला तरी वर्षभरात गेला, आजकाल मालच खराब येतो’ ही तक्रार जिथे जिथे ऐकली, तिथे मला आधी या आवळण्याचीच शंका येते.

टाय रॉड, लोअर आर्म किंवा स्ट्रटला हात लागला असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. केवळ लिंक रॉड बदलला असेल तर त्याची गरज नसते. काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा आणि हाताने फिरवून पाहावा: जाम झालेले बेअरिंग बोटांना कर्रकर्र लागते, आणि मेलेला लिंक रॉड आपल्याच वजनाने लुळा पडतो. तो तसा नसेल, ठणठणीत असेल, तर आवाज परत येण्याची शक्यता त्याच दिवशी धरून चालावे.

गाडी ताब्यात घेण्याआधी प्रत्येक नव्या नटावर, त्याच्यावरून बाजूच्या धातूपर्यंत जाणारी, पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून घ्यावी. मग चाचणीच्या कागदावर लिहिलेल्या त्याच वळणावर, त्याच वेगाने, काचा उतरवून पुन्हा फेरी मारावी. चार-पाचशे किलोमीटर झाल्यावर टॉर्च घेऊन त्या रेघा पाहाव्यात. एखादी रेघ नटाच्या कडेशी तुटलेली दिसली, तर तो नट सैल होऊ लागला आहे आणि तो आवळून घेण्यासाठी पुढच्या ठोक्याची वाट पाहू नये.